घाईचा वड

आखाडा बाळापूर हे वाढीचं गाव आहे. कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं. इथे चार माणसं एकत्र आली की काय किती वाढलं, याचीच चौकशी होते. हळद कुठवर आली, कापूस कमरेला लागला का, रस्त्याकडेच्या प्लॉटचा भाव किती चढला, पाहुण्यांच्या पोराची उंची काय. जे वाढत नाही त्याला इथे रोग म्हणतात आणि त्यावर फवारणी असते. कृषी केंद्राच्या फळ्यांवर ओळीने ज्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्या फक्त वाढीच्या असतात.

अशा गावात आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी झाड लहान ठेवायचं ठरवलं. नुसतं लहान नव्हे, लहान आणि म्हातारं. बोन्सायचं सगळं कौतुक तिथेच आहे. उंची वीतभर, पण खोड असं की शंभर वर्षं ऊन-पाऊस खाल्ल्याचा भास व्हावा. आणि हे म्हातारपण गुरुजींना लवकर हवं होतं. म्हातारपण लवकर यावं म्हणून धडपडणारा माणूस बाळापूरने याआधी पाहिला नव्हता.

आमच्याकडे मास्तर निवृत्त झाला की त्याच्यापुढे ठरलेल्या वाटा असतात. कुणी प्लॉटिंगमध्ये शिरतो, कुणी हरिपाठात, कुणी सोसायटीच्या निवडणुकीत. गुरुजींची वाट चुकली ती पुण्यात. फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर मोठं बोन्साय प्रदर्शन भरलं होतं. प्राजक्ता काळे यांच्या 'बोन्साय नमस्ते'ने ते भरवलं होतं आणि देशोदेशीचे बोन्सायवाले तिथे आले होते. मुलाकडे राहायला गेलेले गुरुजी नातवाचं बोट धरून तिथे गेले. एका वडापुढे बराच वेळ उभे राहिले. मग असं झाड विकत घ्यायचं तर काय पडतं, ते विचारलं. बीपासून स्वतः वाढवायचा निर्णय त्याच जागी झाला.

गावी परतल्यावर मोबाइलवरून 'बोन्सायचं बी' मागवण्यात आलं. पाकिटावर निळ्या पानांचं झाड होतं. आता बोन्सायचं असं बी जगात कुठेच नाही. वडाच्या बीतून वड येतो, चिंचोक्यातून चिंच. त्याला वाढू दिलं तर गल्ली व्यापेल असंच ते झाड असतं. त्याला लहान ठेवतात ती माणसं. मुळं छाटून, शेंडे खुडून, उथळ कुंडीत बसवून आणि तारेने वाकवून. हा तपशील पाकिटावर नव्हता. निळ्या पानांच्या पाकिटातून पुढे हिरवं काहीतरी उगवलं, ते तांदूळजा निघालं आणि गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, त्याची भाजी केली. त्या छंदाचं गुरुजींच्या घरात झालेलं ते पहिलं उत्पन्न.

दुसऱ्या खेपेला जपानी मेपल आला. थंड मुलखातल्या या झाडांच्या बियांना उगवण्याआधी हिवाळा सोसावा लागतो. तो नसेल तर ओल्या वाळूत घालून बी दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. गुरुजींनी ते डबीत घालून दह्याच्या पातेल्यामागे सरकवलं.

"हे काय ठेवलंय आत?" काकूंनी विचारलं.

"जपानचा हिवाळा आहे. हलवू नका."

काकूंनी दोन-तीन महिने जपानचा हिवाळा बाजूला सारून दही काढलं. बी बाहेर आलं ते एप्रिलमध्ये. बाळापुरात तेव्हा पारा चाळिशी ओलांडून उभा असतो. तीन अंकुरांनी डोकं वर काढलं, गाव पाहिलं आणि आठवड्यात परत गेले. अशा झाडाला दर वर्षी थंडीची झोप लागते, ती मिळाली नाही तर ते खंगतं, असं गुरुजींनी नंतर वाचलं. म्हणजे वाढलेलं झाडही दर साली फ्रिजमध्ये ठेवावं लागणार. काकू म्हणाल्या, "एकतर मोठा फ्रिज आणा, नाहीतर छंद बारका करा."

तेव्हा गुरुजी मायदेशी आले, म्हणजे वडावर.

वडाच्या बाबतीत बाळापूरकरांना शिकवण्यासारखं कुणाकडे काही नाही. गावात या विषयाची सर्वांत जुनी जाणकार साळुंकी आहे. ती लाल फळं खाते, कठड्यावर येऊन बसते आणि मोहरीहून बारीक बी तिथे खतासकट टाकून जाते. जुन्या स्लॅबच्या भेगेत, पाण्याच्या टाकीखाली, सरकारी इमारतीच्या पन्हाळीत वड-पिंपळाची वीतभर रोपं उभी असतात. माती नाही, कुणी पाणी घालत नाही, मुळांना जागा नाही. म्हणून उंची वाढत नाही आणि खोड मात्र गाठाळ होतं. बोन्सायवाली माणसं जे काम सुरी, कात्री आणि क्लासची फी घेऊन करतात, ते इमारतीची डागडुजी न करणारं खातं फुकटात करतं. अनेक जाणते बोन्सायकार भिंतीवरची अशी रोपं मुळासकट काढून आणतात. त्यात कितीतरी वर्षं वाचतात आणि भिंतही वाचते.

गुरुजींना हे सांगून पाहिलं. "ते साळुंकीचं झालं," ते म्हणाले. "मला माझं पाहिजे. बीपासून. घरात. आणि लवकर."

घरात वाढवलं की बोन्साय लवकर होतं, हे त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं, आणि ते खोटं नाही. फक्त ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याकडे ऑक्टोबरला गेलेला सूर्य मार्चला उगवतो. मधले पाच महिने बाहेरचं रोप झोपतं. तेच उष्ण प्रदेशातलं रोप उबदार खोलीत ठेवलं आणि दिव्याचा चौदा-सोळा तास उजेड दिला, तर त्याला हिवाळा आल्याचं कळत नाही. ते बारा महिने वाढतं आणि दोन हंगामांचं काम एका वर्षात उरकतं. आमच्याकडे हिवाळा म्हणजे स्वेटर पेटीतून काढून पुन्हा पेटीत ठेवण्याएवढा. वड त्यात जरा रेंगाळतो, झोपत नाही. आणि सूर्य बाळापुरात इतका आहे की निर्यात करता आला असता तर जिल्हा सुधारला असता. गुरुजींनी खिडकी लावली, तिला पडदा लावला, सूर्याला अंगणात उभं केलं आणि त्याचं काम करायला दिवा विकत आणला.

हा दिवा जांभळा असतो. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं, म्हणून दिव्यातही तेच दोन रंग घालतात आणि मिळून खोली जांभळी दिसते. मध्यरात्री गल्लीत फक्त एकाच खिडकीच्या फटीतून जांभळा उजेड येऊ लागला, तेव्हा गावाने तर्क सुरू केले. पहिल्या दिवशी गुप्तधन. दुसऱ्या दिवशी सोन्याला पॉलिश. तिसऱ्या दिवशी शेजारचे दाजी सरळ दार वाजवून आत आले.

"काय करायलेत गुरुजी?"

"वड लावलाय."

"घरात? कामून?"

"बाहेर हळू वाढतो. इथं सोळा तास उजेडात लवकर वाढतो."

दाजींनी ट्रेमध्ये वाकून पाहिलं. हिरवे ठिपके होते. "आमचंबी पोरगं नांदेडला अशाच खोलीत हाय," ते म्हणाले. "खिडकी बंद, सोळा तास लाईटखाली. क्लासवालेबी हेच म्हणतेत, लवकर वाढ होती."

इथे मुलांच्या बोन्सायवर चार परिच्छेद लिहिता आले असते. पण ते दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात असतातच.

दिव्याची मुख्य अडचण विजेची होती. शेतकऱ्याच्या मोटारीची लाईट रात्री येते आणि गुरुजींच्या रोपाची दिवसा जाते. इन्व्हर्टर घेतला गेला. एका उन्हाळी दुपारी घरात वीज फक्त वडाला होती आणि गुरुजी-काकू रद्दीने वारा घेत होते. काकूंनी पडदा सारला. लख्ख ऊन आत आलं. गुरुजींनी पडदा ओढला आणि म्हणाले, "प्रयोग बिघडवू नका."

प्रयोग आपला आपण बिघडत होता. दिवा उंच टांगलेला होता आणि प्रकाशाचं गणित कडक असतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. उजेड कमी पडला की रोप तो शोधत वर पळतं. दोन पानांमधलं अंतर वाढतं, देठ दोऱ्याइतका होतो, रोप लटपटायला लागतं. बोन्साय व्हायला घेतलेला वड दोन महिन्यांत नुसता उंच झाला. गावाला तेवढीच गोष्ट पटली. "वाढायलंय की चांगलं," म्हणून येणारा-जाणारा शाबासकी देऊ लागला आणि गुरुजींचा चेहरा पडू लागला. दिवा खाली आणला, तेव्हा उंची थांबली. देठ जाड व्हावेत म्हणून पंख्याचा हलका वारा द्यावा लागतो, हलल्याशिवाय खोड घट्ट होत नाही. त्यामुळे टेबलफॅनही रोपाकडे वळला. काकूंनी माहेरी जाण्याची तारीख काढली ती त्याच आठवड्यात.

मग बंद खोली, दमट हवा आणि दाटीतली कोवळी रोपं यांचं जे होतं ते झालं. जमिनीलगत देठ काळे पडून रोपं आडवी व्हायला लागली. ही मर. भाजीची रोपवाटिका करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. गुरुजी कृषी केंद्रात गेले.

"ट्रायकोडर्मा द्या."

आमच्या भागात हे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे. हळदीची कंदकूज होऊ नये म्हणून शेणखतात मिसळून ते शेतात जातं. दुकानदाराने पुडा काढला.

"किती एकर हाय गुरुजी?"

"एक ट्रे."

"काय?"

"ताटाएवढा आहे."

दुकानदाराने पुडा परत ठेवला, मग पुन्हा काढला. "किलोच्या खाली येत नाही. तुमच्या ताटाला हे तीन पिढ्या पुरल." बोन्सायचा एकूण कालावधी पाहता हा हिशेब दुकानदाराला वाटला त्याहून अचूक होता.

साहित्य जमवताना मात्र बाळापूर गुरुजींच्या कामी आलं. आमची काळी माती कापसाला सोनं आहे, पण कुंडीत ती पाण्याने फुगते, उन्हाने तडकते आणि मुळांचा श्वास कोंडते. बोन्सायला पाणी धरून जादाचं सोडून देणारा खडा लागतो. जपानी लोक त्यासाठी खास मातीचे दाणे वापरतात. आपल्याकडे विटेचा चुरा, जाड वाळू आणि चाळलेलं कुजलेलं शेणखत चालतं. वीटभट्टीवर जाऊन फुटक्या विटा मागणारा माणूस भट्टीवाल्याने पहिल्यांदा पाहिला. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त घरी सगळं बरं आहे ना, एवढं विचारलं. फांद्या वळवायला तांब्याची मऊ तार लागते. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटारींची तार ढिगाने पडलेली असते. तांबं तापून गार झालं की मऊ पडतं आणि कमी व्होल्टेजच्या कृपेने आमच्याकडे ते काम विहिरीवरच होऊन येतं. अडचण एवढीच राहिली की तार आली तेव्हा फांदी आलेली नव्हती.

बोन्सायच्या घाईतली खरी मेख दाजींच्या तोंडून बाहेर आली. ते एकदा ट्रेकडे बघत म्हणाले, "गुरुजी, हे खोड जाड कधी व्हायचं?"

"बारा-पंधरा वर्षं."

"मंग धुऱ्यावर लावा की. दोन पावसाळ्यांत मनगटायेवढं होतंय. मंग आणा कापून."

दाजींनी बोन्सायचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण जगभरचे बोन्सायकार हेच करतात. खोड जाड होतं ते भरपूर पानांनी आणि मोकळ्या मुळांनी. छोट्या कुंडीत ते होत नाही. म्हणून आधी रोप जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत सोडून द्यायचं, वाटेल तेवढं वाढू द्यायचं, मग खाली कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा कापायचं. लहान झाड लवकर हवं तर ते आधी मोठं होऊ द्यावं लागतं. पहिल्या दिवसापासून चिमुकल्या कुंडीत बसवलेलं रोप लहान राहतं खरं, पण ते बोन्साय नसतं, वाढ खुंटलेलं रोप असतं. घरातला दिवा सुरुवातीचं एखाद-दुसरं वर्ष वाचवतो. उरलेलं काम जमीन आणि मृगाचा पाऊस यांचंच आहे.

गुरुजींनी धुऱ्यावर रोप लावायला घेतलं. शेजारच्या शेतकऱ्याने त्याच संध्याकाळी मोजणीचा विषय काढला. वडाची सावली त्याच्या हळदीवर पडणार होती. अजून वीस वर्षांनी.

अधूनमधून हवा गेली की गुरुजी इतिहासाकडे वळत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. तो 1625 पासून कुंडीत आहे. तेव्हा आपल्याकडे मलिक अंबर हयात होता आणि शिवरायांच्या जन्माला पाच वर्षं अवकाश होता. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा हे झाड तिथून तीनेक किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत भिंतीच्या आडोशाला होतं आणि वाचलं. 1976 मध्ये जपानने अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिली, त्यात यामाकींनी हे झाड दिलं. ते हिरोशिमातून वाचलेलं आहे, हे संग्रहालयाला कळलं 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. पंचवीस वर्षं देणाऱ्याने गाजावाजा केला नाही. आमच्याकडे बसस्टँडवर सिमेंटचा बाक दिला तरी त्याच्या पाठीवर देणाऱ्याच्या आजोबांपासून नावं असतात.

भूकंपाशीही बोन्सायचं जुनं नातं आहे. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले शहर सोडून ओमिया इथे गेले आणि 1925 मध्ये त्यांनी बोन्सायचं गाव वसवलं. तिथे राहायचं तर नियम होते: दहा तरी बोन्साय हवेत, फाटक लोकांसाठी उघडं हवं, कुंपण झुडपांचं हवं आणि घर दुमजली नको. यातली शेवटची अट बाळापुरात वाचून दाखवली तेव्हा दोन ठेकेदार उठून गेले. भूकंप मात्र आमच्याकडेही आला. 21 मार्च 2024 च्या आणि 10 जुलै 2024 च्या सकाळी कळमनुरी तालुका हलला, दोन्ही वेळा 4.5 तीव्रतेने. लोक लेकरं उचलून रस्त्यावर आले. गुरुजी ट्रे उचलून आले. त्यांच्या मागून काकू आपल्या पायांनी आल्या आणि म्हणाल्या, "मीपण आतच होते." त्यानंतर काही दिवस ट्रेची मुक्कामाची जागा ओसरी होती आणि उन्हातल्या त्या दिवसांत रोपांनी जी उचल खाल्ली, ती जांभळ्या दिव्याखाली कधी खाल्ली नव्हती. गुरुजी त्याचं श्रेय भूकंपाला देतात.

वटपौर्णिमेला प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलं. शहरांत हल्ली फ्लॅटमध्ये बोन्सायचा वड पूजतात, असं गल्लीतल्या बायकांनी टीव्हीवर पाहिलं होतं आणि गुरुजींच्या घरी वड आहे हे साऱ्यांना माहीत होतं. ताटं घेऊन बायका आल्या. वड बोटभर होता. दोरा गुंडाळला तर वड जाणार, म्हणून टीपॉयला गुंडाळायचं ठरलं. पण टीपॉय भिंतीला लागून होता. प्रदक्षिणा निम्म्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. सात अर्ध्या फेऱ्यांचे साडेतीन जन्म होतात, असं कुणीतरी मोजून सांगितलं.

"तेवढे बास आहेत," काकू म्हणाल्या.

तरी बायका घरात आल्या त्याचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रस्ते रुंद झाले की कडेचे जुने वड, लिंब, चिंचा सगळ्यांत आधी जातात. आमच्याकडून हिंगोलीकडे किंवा वारंगा फाट्याकडे खिचडी खायला जाताना आता वेळ कमी लागतो आणि सावली कमी लागते. बाहेरचा वड जातो, तसा घरातल्या वडाचा भाव वाढतो. जे झाड संगमनेर तालुक्यात पेमगिरीला काही एकर व्यापून बसलं आहे, ते ताटात बसवण्याची हौस माणसाला होते, यात गैर काही नाही. ताटाबाहेर ते कुठेच उरलं नाही तर गैर आहे.

तेव्हा ज्यांना घरात बीपासून बोन्साय करायचं आहे, त्यांनी खुशाल करावं. निळ्या पानांचं पाकीट घेऊ नये. सोपं हवं तर चिंचोका घ्यावा, त्याचं कवच जरा घासावं, रात्रभर भिजवून पेरावा. आठ-पंधरा दिवसांत उगवतो. चिंचेवर भूत असतं म्हणून घरातली मंडळी हरकत घेतील. त्यांना सांगावं की वीतभर चिंचेवर बसणारं भूत फार तर रिमोट लपवू शकेल. रोप उन्हाच्या खिडकीत ठेवावं, दिव्याचे पैसे वाचवावेत, मृग लागला की बाहेर काढावं. ज्याला घाई आहे त्याने भिंतीवरचं साळुंकीचं रोप सोडवून आणावं, आणि बीच पेरायचं असेल त्याने घाई सोडावी. दोन्ही एका कुंडीत येत नाहीत.

आणि एकाच ट्रेत शंभर रोपं उगवली असतील, तर त्यांतली दोन गायरानात किंवा रस्त्याच्या कडेला, पुढच्या रुंदीकरणाच्या रेषेपलीकडे लावावीत आणि त्यांना मुकाट्याने वाढू द्यावं. कुंडीतल्या वडाखाली एसटीची वाट बघता येत नाही.